तिथीची पाऊणपट : हरिहरेश्वर ते आरे-वारे, पाच दिवस

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हरिहरेश्वरला संध्याकाळी आभाळ असं पेटलं होतं की विचारू नका, आणि मी काळभैरवाच्या देवळामागे पायऱ्यांवर ट्रायपॉड धरून नुसता उभा. ज्या खडकांसाठी पुण्याहून आलो होतो ते सगळे पाण्याखाली. शेजारी पाय सोडून बसलेल्या आजोबांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि विचारलं, "आज अष्टमी. तिथी बघून नाही आलात?"

मी सूर्यास्ताची वेळ बघून आलो होतो, ढग किती असतील ते बघून आलो होतो. तिथी? आजोबांनी हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चार पाऊण तीन, म्हणून चतुर्थीला तीनला भरती. आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला पाणी काठोकाठ. पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, आणि तिथून सहा तासांनी, सूर्य टेकायच्या बेताला, पूर्ण ओहोटी. शाळेत भूगोलाच्या बाईंनीही हे शिकवलं होतं म्हणा. तेव्हा ट्रायपॉड नव्हता.

अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीचा बेत आखायला हा हिशेब पुरतो. म्हणून या वेळी मार्गशीर्षातली अमावास्या धरून रजा टाकली. बरोबर मेहुणा. तो फोटो काढत नाही, गाडी चालवतो आणि जेवतो. दोन्ही गोष्टी मनापासून करतो, त्यामुळे सोबतीला उत्तम.

पहिला दिवस, चतुर्दशी

पहाटे निघून ताम्हिणी उतरलो, माणगाव, म्हसळा करत दुपारी हरिहरेश्वर. सामान खोलीवर टाकलं आणि साडेतीनलाच प्रदक्षिणेच्या वाटेला लागलो. देवळामागून चढ चढायचा आणि मग दोन कातळांच्या फटीतून पायऱ्या उतरायच्या. उतरता उतरता समुद्राचा आवाज आधी येतो आणि शेवटच्या वळणावर एकदम सगळं उघडतं : लाटांनी वर्षानुवर्षं तासून सपाट केलेला काळा कातळ, जणू कुणी समुद्रात लांबच लांब ओटा घातलाय. चौदा पाऊण साडेदहा, म्हणजे ओहोटी साडेचारच्या पुढे. ओटा पूर्ण उघडा होता. आजोबांना मनातल्या मनात नमस्कार केला.

इथला कड्याचा पाया बघण्यासारखा आहे. बसाल्टच्या भिंतीला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत, काही बोट जाईल एवढी, काहींत अख्खं डोकं मावेल. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्याचे स्फटिक वाढताना दगडाचा कण न् कण सुटा करतात. भोक पडलं की त्यात ओल जास्त टिकते, म्हणून ते आणखी खोल होतं. दोन भोकांमधली भिंत काही ठिकाणी इतकी पातळ झाली आहे की कडेनं उन्हाची तिरीप आली की तिची धार उजळते. मी पाऊण तास त्या भिंतीशीच होतो. समुद्राकडे पाठ. मेहुणा म्हणाला, "दाजी, समुद्र इकडे आहे."

साडेपाचनंतर कामाचा उजेड सुरू झाला. इथे माझं एक मत सांगून टाकतो, पटलं नाही तर सोडून द्या. दहा स्टॉपचा, म्हणजे उजेड दहा वेळा निम्मा करणारा, एनडी फिल्टर लावला की पंधरावा हिस्सा सेकंदाचं शटर मिनिटभरावर जातं आणि सगळ्या समुद्राचं धुकं होतं. दिसायला छान, पण मग तो हरिहरेश्वरचा समुद्र राहत नाही, कुठलाही होतो. मला अर्ध्या सेकंदाचं शटर आवडतं. लाट फुटून माघारी निघाली की कातळाच्या चरांतून पाणी ओढलं जातं, त्याच्या पांढऱ्या दोऱ्या तेवढ्या वेळात नेमक्या उमटतात. एफ ११, आयएसओ १००, सहा स्टॉपचा फिल्टर, आणि बटण लाट येताना नाही, परतताना दाबायचं. वीसातल्या एका फ्रेममध्ये दोऱ्या हव्या तशा पडतात.

मोबाइलवर सव्वासहाचा गजर लावला होता. इथे माणसं वाहून गेली आहेत, वाटेवर तसा फलकही आहे, आणि कारण सरळ आहे : पाणी एका गतीनं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. पहिला तास बघून माणूस निश्चिंत होतो आणि दुसरा संपता संपता परतीची वाट ओली झालेली असते. गजर झाला. मी "एकच शेवटचा" म्हटलं. पायऱ्यांवरून मेहुण्यानं शिट्टी मारली, मी गडबडीत फिल्टरची चौकट काढायला गेलो आणि आकाश दाबायचा ग्रॅड फिल्टर हातातून सुटून एका फटीत गेला. वाकलो तर दिसत होता, हातभर खाली, उभा अडकलेला. हात पोचेना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्या वेळी फटीत पाणी आलं. वर येईपर्यंत मेहुणा काही बोलला नाही, हे त्याचे उपकार. फिल्टरची किंमत त्यानं जेवताना विचारली.

दुसरा दिवस, अमावास्या

पश्चिम किनाऱ्यावर पहाटे उठून काय करायचं, सूर्य तर डोंगरामागून येणार, असं लोक म्हणतात. त्यांना झोपू द्यावं. सूर्योदयाच्या वीसेक मिनिटं आधी समुद्राच्या रेषेवर निळसर राखाडी पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो खालचा पट्टा म्हणजे हवेत पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली. पाठीमागे सूर्य जसा वर यायला लागतो तशी ती समोर समुद्रात बुडत जाते. पाच-दहा मिनिटांचा खेळ. आकाशात कुठेही झगमगाट नसतो, त्यामुळे हरवलेल्या फिल्टरची गरजही पडली नाही. तीस सेकंदांच्या चार फ्रेम मिळाल्या, त्यातली एक या पाच दिवसांतली माझी सगळ्यात आवडती आहे. घरच्यांना दाखवली तर म्हणाले, "छान आहे. पण सूर्य कुठाय?"

न्याहारी करून बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवली. सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वी, म्हणजे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी. डाव्या-उजव्या हाताला खाडीचं पाणी आणि समुद्राचं पाणी रंगानं वेगळं दिसत होतं. वेळासला थांबलो नाही. कासवांची पिल्लं बघायची तर फेब्रुवारी ते एप्रिल. केळशीला जेवलो. सुरमई ताजी होती, सोलकढी त्याहून चांगली. मेहुण्याचा दिवस इथेच सार्थकी लागला.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. देऊळ टेकडीवर, आणि तिथून सुवर्णदुर्ग पहिल्यांदा दिसतो : पाण्यात बसलेली बुटकी तटबंदी, लांबून एखादी मालवाहू बोट नांगर टाकून उभी असावी तशी. लांब लेन्सनं दोन-चार फोटो घेतले, हवेत धूसरपणा होता, काही खास नाहीत. संध्याकाळी पुळणीवर उतरलो. ओहोटी बरोबर सव्वापाचच्या आसपास, सगळं हिशेबाप्रमाणे, आणि फोटो एकही नाही! कारण आंजर्ल्याला नुसती वाळू आहे. ओहोटीत पाणी लांब गेलं की पुढे काही उरतच नाही, सपाट ओला तवा. तिथी जुळली तरी जागेचा विचार करावा लागतो, हे त्या संध्याकाळी कळलं. खडकाला ओहोटी हवी, वाळूला अर्धं पाणी. शिवाय ट्रायपॉडचा एक पाय परतणाऱ्या लाटेबरोबर दर वेळी अर्धा बोट खचायचा आणि फ्रेम हलायची. पाय आधीच दाबून वीतभर वाळूत रोवायचे असतात. माहीत असून विसरलो होतो.

रात्री चंद्र नव्हता. पूर्वेला मृग वर आला होता. समुद्राच्या रेषेवर लांब तीन-चार ठिकाणी पांढरा प्रखर उजेड होता, शहर असावं तसा. मुक्कामाच्या घरचे काका म्हणाले, "ते एलईडीवाले, दिव्यांवर मासळी ओढून धरणारे. २०१७ पासून बंदी आहे. बघा, कशी बंदी आहे ती." तार्‍यांच्या फोटोत ते दिवे आले. मी ते पुसले नाहीत.

तिसरा दिवस, प्रतिपदा

हर्णै. सकाळी आठला बोट ठरली होती, साडेनऊला मिळाली. ज्यांच्याशी बोलणं झालं होतं ते दुसऱ्याच मंडळींना घेऊन गेले होते. दीड तास गेला आणि त्याबरोबर सकाळचा कोवळा उजेडही. किनाऱ्यावरून सुवर्णदुर्गाचा तट पश्चिमेला दिसतो, म्हणजे सकाळी त्याच्यावर समोरून ऊन पडतं, आणि संध्याकाळी तोच किल्ला नुसती काळी आकृती. मला ऊन हवं होतं. थोडं मिळालं.

बोटीत तांडेल, त्याचा पोरगा, आम्ही दोघं. पाणी चढतं होतं, वारा बेताचा. किल्ल्यापाशी धक्का नाही. बोट वाळूत घुसवतात आणि गुडघाभर पाण्यात उडी मारायची. कॅमेऱ्याची बॅग पोरानं डोक्यावर घेतली आणि माझ्या आधी पळत जाऊन कोरड्यावर ठेवली. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत ध्यानात येत नाही, बुरुजांच्या आड लपवलेला आहे. पायरीवर कोरलेलं कासव, भिंतीवर मारुती. आत झाडोरा माजलेला, पाण्याची टाकी, वाड्यांची जोती. या किल्ल्यावरून आंग्र्यांचं आरमार फिरलं आणि १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सनं तो पेशव्यांच्या संगनमतानं आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच लोकांनी आपलं आरमार बुडवायला इंग्रजांची मदत घेतली, हे त्या तटावर उभं राहून आठवलं की करमत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग आहे.

फोटोचं म्हणाल तर बेटावर उभं राहून बेटाचा फोटो निघत नाही. तटावरून दिसतो तो समोरचा हर्णैचा किनारा, कनकदुर्गावरचा दीपस्तंभ, फत्तेगडावरची वस्ती. दुर्ग दिसायला बोटीतच यायला हवं, आणि बोटीत ट्रायपॉडचा उपयोग शून्य. तांडेलला म्हटलं, "काका, एक चक्कर मारता का किल्ल्याभोवती? पलीकडून?" त्यांनी पश्चिमेकडे बघितलं. "पलीकडं फुगतंय पाणी. अर्ध्यापर्यंत नेतो, पुढं नाय." अर्ध्यापर्यंत गेलो. शटर हजारावा हिस्सा सेकंद, गुडघे वाकवून उभं राहायचं, लाट बोटीला उचलते त्या टोकावर क्षणभर सगळं थांबतं तेव्हा बटण दाबायचं. त्या कोनातून तट थेट कातळातून उगवल्यासारखा दिसतो. नैसर्गिक खडक कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. पायथ्याशी लाट आपटली की वरच्या काळ्या दगडापर्यंत ओल चढते आणि दोन्हींचा रंग एक होतो. पलीकडची बाजू राहिली ती राहिलीच.

संध्याकाळी बंदरावर लिलाव. मी माणसांचे फोटो फारसे काढत नाही, मोकळा समुद्र शोधत फिरणाऱ्या जमातीतला आहे. पण हर्णैला मोकळा समुद्र मिळत नाही, आणि बरं झालं मिळत नाही. ओहोटी सहाच्या सुमाराला, त्यामुळे बोटी लांब पाण्यात उभ्या आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट समुद्रात. बैल पोटापर्यंत पाण्यात, गाडीवान उभा, टोपल्या एकावर एक. गाडी वर येते तेव्हा चाकांतून पाणी गळत येतं आणि ओल्या वाळूवर दोन समांतर रेषा उमटत जातात. त्या रेषांत आकाश उतरतं. पुढच्या लाटेला रेषा पुसल्या जातात, पुढची गाडी नव्या काढते. मी ट्रायपॉड जवळजवळ जमिनीला टेकवून त्या रेषांच्या टोकाशी बसलो. एका बाईनं पापलेटांचा वाटा माझ्या लेन्ससमोर टाकला आणि म्हणाली, "वाळूचा फोटू कसला काढतो? ह्यांचा काढ." काढला. मेहुण्यानं तो वाटा विकतही घेतला, भावात मात्र त्याचं काही चाललं नाही.

चौथा दिवस, द्वितीया

आठला निघालो, दाभोळला फेरीबोटीनं वाशिष्ठी ओलांडली, धोपावे, गुहागर, आणि साडेबारापर्यंत हेदवी. दशभुज गणपतीला हात जोडून खाली समुद्रावर. घाई होती, कारण बे पाऊण दीड आणि बामणघळ बघायची ती भरतीलाच.

उमामहेश्वराच्या देवळापासून खडकांतून चालत गेलं की कातळात एक अरुंद चीर आहे, समुद्रापासून आत शिरलेली. एरवी बघाल तर साधी फट. कुणी ब्राह्मण तीत पडला म्हणून हे नाव, असं सांगतात. लाट चिरेच्या तोंडाशी येते, आत शिरते, जागा आवळत जाते, पाण्याला जायला वाव उरत नाही. आधी पायाखाली हादरा जाणवतो, मग तळातून ढोल वाजावा तसा आवाज, आणि मग पाणी सरळ वर. क्षणभर उभा पांढरा खांब, त्याच्या टोकाची फुलं वाऱ्यावर विस्कटतात आणि पाच-सहा सेकंदांनी खारट पाऊस अंगावर. पुन्हा शांत. दर लाटेला होत नाही. चार-पाच लहान लाटा नुसत्या गुरगुरतात आणि एखादी मोठी काम करून जाते. उधाण, म्हणजे मोठी भरती, अवसेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जोरात असतं, म्हणजे आमचा दिवस नेमका होता.

आणि उजेड? दीड वाजता दुपारी! ऊन डोक्यावर, पाण्याचा खांब पांढरा, मागचं आकाश पांढरं, खडक काळा ठिक्कर. तुषार दिसतच नाहीत. पोलरायझर फिरवून बघितला, शटर वर-खाली केलं. लेन्सवर दर तीन मिनिटांनी मिठाचा थर, पुसायचं फडकं स्वतःच खारट. तासभरात एकशे वीस फोटो, एकही धड नाही. डोळ्यांनी बघितलेलं यांतल्या एकातही नाही.

वर येऊन सरबत प्यायला बसलो. कोकम देणाऱ्या मावशींनी माझी पांढरी पडलेली बाही बघितली. "भिजलाव चांगलंच. आले फोटो?"

"नाही हो मावशी. ऊन वाईट."

"मग आज कशाला आलाव? अष्टमीला भरती संध्याकाळची, पण भांगाचं पाणी, जोर नाय. षष्ठीला या. साडेचारला भरती, ऊन पण उतरलेलं, आणि पाण्यात दम असतो थोडा."

सहा पाऊण साडेचार. मी पुण्याहून निघताना खडकांसाठी अमावास्या काढली, आंजर्ल्याला वाळूचा विचार केला नाही, आणि बामणघळीचा तर अजिबातच नाही. मेहुणा ग्लासात बघत म्हणाला, "दाजी, षष्ठी कधी आहे?" कॅलेंडर बघायची गरज नव्हती. आज द्वितीया, म्हणजे चार दिवसांनी. रजा उद्या संपत होती.

संध्याकाळी वेळणेश्वर. देवळामागची नारळाची ओळ, अर्धं भरलेलं पाणी, चांगली संध्याकाळ. दोन बरे फोटो मिळाले. डोक्यात मात्र तो पाण्याचा खांब आणि त्याच्या मागून येणारं चार वाजताचं ऊन.

पाचवा दिवस, तृतीया

हा दिवस परतीचाच. तवसाळहून फेरीबोटीनं जयगडला उतरलो, किल्ला बाहेरूनच बघितला. मालगुंडला केशवसुतांचं घर. गणपतीपुळ्याला गर्दी, थांबलो नाही. आरे-वारेच्या चढावर मात्र गाडी बाजूला लावावीच लागते. रस्ता उंचावरून जातो आणि खाली दोन पुळणी, मध्ये टेकडीचं नाक, सुरूची रांग. अकरा वाजता कुणीही शहाणा माणूस कॅमेरा काढत नाही. मी काढला, एक फोटो घेतला, हजार लोकांनी घेतलाय तसाच आला, परत ठेवला. मग आंबा घाट, कोल्हापूर, हायवे, रात्री उशिरा घर.

दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून सांधे उघडे केले. एका पायातून आंजर्ल्याची वाळू निघाली, दुसऱ्यातून हर्णैचा एक चमकता खवला.

षष्ठीला ऑफिसात तिमाही आढाव्याची बैठक होती. पडद्यावर कुणीतरी आलेख दाखवत होतं. मी घड्याळ बघितलं. चार पस्तीस.